लेखनसीमा

माझा पोटापाण्याचा धंदा मुद्रितशोधनाचा. कविता करतो, पण कवितेवर चूल पेटत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बी.ए. झाल्यावर मिरजेतल्या एका छापखान्यात लागलो, तेव्हा खिळे जुळवण्याचे दिवस संपत आले होते. पुढे संगणक आले, छापखाना सुटला आणि मी घरी बसून मुद्रितं तपासू लागलो. तीस वर्षं झाली, दुसऱ्यांच्या लिहिण्यातले काना, मात्रा, वेलांट्या आणि पूर्णविराम मोजतो आहे.

दोन वर्षांपूर्वी शाळेत मला मराठी शिकवणाऱ्या सरांनी आठवणींचं एक छोटं पुस्तक लिहिलं. वय पंच्याऐंशीच्या पुढे. पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेली. पुस्तकाची मुद्रितं अर्थात माझ्याकडे आली. पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. पुस्तक छापून झालं, लहानसा प्रकाशन समारंभ झाला, चाळीसेक प्रती लोकांनी घरी नेल्या. चौथ्या दिवशी सरांचा फोन आला, "अरे, डोळे एकदा दाखवून घे रे डॉक्टरांना." बाकी काही बोलले नाहीत. मी पुस्तक उघडलं. पत्नीच्या आजारपणाच्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य सरांनी असं लिहिलं होतं : 'त्या रात्री मी तिच्याजवळ नव्हतो असा एकही क्षण गेला नाही.' संगणकावर पानं लावताना शेवटची ओळ चौकटीखाली दडून राहिली होती. छापलेल्या पुस्तकात प्रकरण संपत होतं ते असं : 'त्या रात्री मी तिच्याजवळ नव्हतो'. पुढे पूर्णविरामही नाही. मुद्रितशोधकाला दुसरं काही दिसलं नाही तरी न दिलेला पूर्णविराम दिसला पाहिजे. मला तो दिसला नव्हता.

डोळे दाखवले. चष्म्याचा नंबरसुद्धा बदललेला नव्हता. मग मला ती रात्र आठवली. टेबलावर मुद्रितं होती आणि शेजारी मोबाइल. दर परिच्छेदानंतर मी 'जरा विसावा' म्हणून मोबाइल उचलत होतो आणि अंगठ्यानं पडदा वर सरकवत होतो. कुणी भांडतंय, कुणी भजी तळतंय, कुठे पूर आलाय, कुणी नाचतंय. त्यातून मान वर करून मी सरांच्या पत्नीच्या शेवटच्या रात्रीकडे येत होतो आणि पुन्हा तिकडे जात होतो. काय काय पाहिलं त्यातलं दुसऱ्या दिवशी काही आठवत नव्हतं. काय पाहायचं राहिलं, ते मात्र छापून आलं.

तेव्हापासून मी एका गोष्टीचा शोध घेतो आहे. माणसानं थांबायच्या खुणा कधी तयार केल्या, आणि त्या पुसल्या कधी गेल्या? आज त्याच इतिहासाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

आपल्या मोडी कागदांपासून सुरुवात करू. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकावत जाई. दोन शब्दांत मोकळी जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. कागद संपला की खाली दुसरा चिकटवायचा, त्याखाली तिसरा. उलगडत गेलं की लांबच लांब पट्टी. म्हणजे वरून खाली सरकत जाणारा मजकूर आपल्याला नवा नाही. पण या कागदांना एक शिस्त होती. वर शिक्का असे आणि मजकूर जिथे संपे तिथे मोर्तब. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो तो इथला. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी जी मोर्तबाची मुद्रा असे, तिच्यावरची अक्षरं होती 'मर्यादेयं विराजते'. पुढच्या काळात पत्राअखेर 'लेखनसीमा' असा शब्द येऊ लागला, त्याच्या मुद्राही झाल्या. त्यामागे राजकीय शहाणपण होतं, कारण मोर्तब झाल्यावर खाली कुणी एक अक्षर घुसडू शकत नसे. पण वाचणाऱ्यालाही त्याचा उपयोग होताच. सीमा आली की पत्र संपलं. आता कागद खाली ठेवायचा आणि काय करायचं ते ठरवायचं.

दुसरी आठवण माझ्या लहानपणची. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत हाफिजसाहेब आम्हा पोरांना कुरआन वाचायला शिकवत. अक्षरांच्या वर बारीक बारीक खुणा असतात. 'मीम' दिसला तर थांबलंच पाहिजे, 'जीम' असेल तर थांबलं तरी चालेल, 'ला' असेल तर थांबायचं नाही. यांना वक्फच्या खुणा म्हणतात. कुराणाच्या मजकुरानंतर कैक पिढ्यांनी विद्वानांनी त्या बसवल्या, कारण चुकीच्या जागी श्वास घेतला तर अर्थ उलटा होतो. हाफिजसाहेबांची छडी जास्तीत जास्त वेळा उठायची ती चुकीच्या थांबण्यावर. सरांच्या पुस्तकातलं ते वाक्य पाहिलं तेव्हा पन्नाशी उलटलेल्या माझ्या तळहाताला ती छडी पुन्हा जाणवली.

मराठी गद्याला ही शिस्त लागली ती एकोणिसाव्या शतकात. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाच्या कामात ते होते, पुढे शाळांची क्रमिक पुस्तकं त्यांच्या नजरेखालून जात. मराठी लिहिणाऱ्याला त्यांनी जणू सांगितलं, वाचणारा माणूस आहे, त्याला दम खाऊ द्या. परक्या मुलखातून आलेला एक लष्करी माणूस आपल्या भाषेला श्वास घ्यायच्या जागा आखून देतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. माझा सगळा धंदा त्या माणसाच्या खुणांवर चालला आहे.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळीच गोष्ट घडत होती. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं. त्याचं पोट वर्गणीवर होतं. त्यानंतर दीड वर्षाहून थोड्या अधिक काळानं, सप्टेंबर १८३३ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे नावाच्या मुद्रकानं 'द सन' हे दैनिक काढलं. इतर दैनिकं सहा सेंटला मिळत, यानं एका सेंटला विकलं. तोटा कसा भरून काढायचा? जाहिरातींतून. म्हणजे वाचकाला बातम्या विकायच्या आणि जाहिरातदाराला वाचक विकायचा. माणसाचं लक्ष ही बाजारात मांडायची चीज आहे, हे तेव्हा पक्कं झालं. आज मोबाइलवर सगळं फुकट कसं मिळतं, या प्रश्नाचं उत्तर जवळपास दोनशे वर्षं जुनं आहे.

तरीही वर्तमानपत्र संपत होतं. शेवटच्या पानावर मुद्रकाचं नाव आलं की खाली काही नसे. नभोवाणीच्या कार्यक्रमांना तर शब्दच 'सभा' असा होता. सकाळची सभा, दुपारची सभा, संध्याकाळची सभा. रात्री अकराच्या सुमारास शेवटची सभा संपे, निवेदक रजा घेई आणि रेडिओ नुसता खरखरू लागे. आमचे अब्बा ती खरखर ऐकून मग उठून बटण फिरवत. त्यांचा दिवस तिथे संपे. गावातला दिवसही असाच खुणांनी बांधलेला होता. पहाटेची अजान, देवळातली काकड आरती, शाळेची घंटा, गिरणी असेल तिथे गिरणीचा भोंगा. त्या काळातही माणसं कष्टी होती, भांडत होती, आणि तो सुवर्णकाळ होता असं मी म्हणणार नाही. पण 'आता पुरे' असं सांगणारं बाहेर काहीतरी होतं. प्रत्येकानं प्रत्येक वेळी ते आपल्या मनाच्या बळावर ठरवायचं, अशी सक्ती नव्हती.

१९७१ साली हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानानं एक साधा हिशेब मांडला. पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले ते हेच. त्यांचं म्हणणं असं की माहिती ज्यावर जगते तो चारा म्हणजे ऐकणाऱ्याचं लक्ष. गुरं वाढली आणि कुरण तेवढंच राहिलं तर काय होईल, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तेव्हा संगणक खोलीभर मोठे होते आणि मोबाइल कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

मग आलं २००६ साल. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. एझा रॅस्किन हा अमेरिकेतला तरुण रचनाकार. त्याचे वडील जेफ रॅस्किन यांनी अॅपल कंपनीत मॅकिंटॉश संगणकाच्या कामाची सुरुवात केली होती. या मुलाला एक गोष्ट खटकत होती. पडद्यावरचं पान संपलं की माणसाला 'पुढचं पान' असं बटण दाबावं लागतं, मध्येच थांबावं लागतं. हा त्रास कशाला? त्यानं अशी रचना केली की तळाशी पोचण्याआधीच पुढचा मजकूर येऊन बसेल. पानाला तळच उरणार नाही. हेतू चांगला होता, माणसाचे कष्ट वाचवायचे होते. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला फेसबुकनं 'न्यूज फीड' सुरू केलं. तोवर कुणाचं काय चाललंय ते पाहायला त्याच्या त्याच्या पानावर जावं लागे. आता सगळ्यांचं सगळं एका धारेत आपल्या पुढ्यात येऊ लागलं. लोक चिडले, विरोधाचे गट निघाले, झुकरबर्ग यांनी दिलगिरी व्यक्त केली. धार मात्र चालूच राहिली.

२००९ मध्ये फेसबुकवर 'लाइक'चं बटण आलं. त्याच वर्षी लॉरेन ब्रिक्टर नावाच्या तरुणानं ट्विटरसाठीच्या आपल्या ॲपमध्ये एक युक्ती बसवली. पडदा बोटानं खाली ओढायचा आणि सोडायचा, की नवं काही येतं. कधी येतं, कधी येत नाही. गंमत त्या 'कधी कधी'मध्ये आहे. स्किनर आणि फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली कबुतरांवरच्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. चोच मारली की ठरावीक वेळाच दाणा मिळाला तर कबूतर दाणा खाऊन थोडं विसावतं. पण दाणा कितव्या चोचीला मिळेल याचा नेम नसला, तर ते न थांबता चोच मारत राहतं. जुगाराच्या यंत्रापुढे बसलेला माणूस का उठत नाही, याचंही उत्तर हेच. आपला अंगठा आता त्या चोचीच्या जागी आहे.

आपल्याकडे हे वारं पोचायला थोडा वेळ लागला. २०१६ पर्यंत आम्ही इंटरनेट रॉकेलसारखं पुरवून पुरवून वापरत होतो. पैसे संपले की धार आपोआप आटे. तीही एक सीमाच होती. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, आधी फुकट आणि मग स्वस्त, आणि ती सीमा गेली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली. पण काही दिवसांतच जुलैमध्ये इन्स्टाग्रामचे रील्स भारतात आले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं 'शॉर्ट्स'ची पहिली चाचणी भारतातच घेतली. टाळेबंदीत घरात कोंडलेली माणसं आणि तळ नसलेला पडदा, यांची गाठ अशी पडली.

याचा मनावर परिणाम काय होतो? ग्लोरिया मार्क या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासक बाई माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर किती वेळ टिकतो ते वर्षानुवर्षं मोजत आल्या आहेत. २००४ मध्ये तो काळ सरासरी अडीच मिनिटं होता. अलीकडच्या मोजणीत तो ४७ सेकंदांच्या आसपास आला. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एका कामातून दुसऱ्याकडे वळलो तरी आधीच्या कामाचा गाळ मनात राहतो आणि नव्या कामाला पुरतं लक्ष मिळत नाही. माझ्या टेबलावर त्या रात्री हेच झालं असणार. भजी आणि पूर यांचा गाळ घेऊन मी सरांच्या वाक्याकडे येत होतो.

'पण मी तर विसावा घेत होतो' असं माझं मन म्हणत होतं. इथेच फसगत आहे. २००१ मध्ये मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या विश्रांतीबद्दल महत्त्वाचं संशोधन मांडलं. आपण काहीच करत नसतो तेव्हा मेंदू बंद पडत नाही. त्याचे काही ठरावीक भाग तेव्हाच जास्त जागे असतात. जुन्या आठवणी, उद्याचे बेत, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज, असला घरगुती पसारा तो त्या वेळी आवरत असतो. खिडकीतून बाहेर पाहत बसणं, एस.टी.ची वाट पाहणं, सायकलवरून रमतगमत घरी येणं, हे सगळे मेंदूच्या आवराआवरीचे तास होते. माझ्या बऱ्याचशा कविता छापखान्यातून घरी येतानाच्या रस्त्यावर सुचलेल्या आहेत. पडदा सरकवताना शरीर पडून असतं, म्हणून आपल्याला ती विश्रांती वाटते. मन मात्र त्या वेळी दर दहा सेकंदांनी नव्या घरात पाहुणा म्हणून जाऊन येत असतं. टोरांटो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर असं दिसलं, की कंटाळा घालवायला जे एका चित्रफितीवरून दुसरीवर उड्या मारत राहिले, त्यांना एकच फीत शांतपणे पाहणाऱ्यांपेक्षा जास्त कंटाळा आला.

सगळा दोष यंत्राचा मात्र नाही. २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन यांनी माणसांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं बसवलं. सोबत विजेचा सौम्य झटका देणारं एक बटण ठेवलं. अठरा पुरुषांपैकी बारा जणांनी आणि चोवीस स्त्रियांपैकी सहा जणींनी स्वतःला झटका देऊन घेतला. आपल्याच मनासोबत बसणं माणसाला जड जातं. ते दुखणं जुनं आहे. ऑक्सफर्डनं २०२४ चा शब्द म्हणून 'ब्रेन रॉट' निवडला, म्हणजे मेंदूचं कुजणं. तो शब्द थोरोनं १८५४ मध्ये 'वॉल्डन'मध्ये वापरलेला आहे. तेव्हा वीजसुद्धा घरात नव्हती. जुन्या दुखण्याला आता चोवीस तास उघडं असलेलं दुकान मिळालं आहे, एवढाच फरक. पण तो फरक लहान नाही.

खुद्द रॅस्किन यांनी आपल्या शोधाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली आहे. माणसाच्या मेंदूला मागं वळायला फुरसतच दिली नाही तर तो सरकवतच राहतो, असं त्यांचं म्हणणं. ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवू न देणारा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. त्याचं फळ काय येतं ते दिसायला वेळ लागेल. मला मात्र जवळचं उदाहरण जास्त आवडतं. आमच्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचं तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. करोनाच्या काळात शाळेच्या निमित्तानं मोबाइल पोरांच्या हातात आला तो सुटेना, तेव्हा २०२२ मध्ये गावानं ठरवलं, की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा सुरू. त्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला लोक हसले, पोरांच्या पालकांना घरोघर जाऊन समजवावं लागलं. मला यातलं शहाणपण असं दिसतं, की गावानं कुणाच्या मनोनिग्रहावर भरवसा ठेवला नाही. सगळ्यांनी मिळून बाहेर एक खूण उभी केली. गिरणीचा भोंगा कामाला बोलवायचा, या भोंग्यानं विसाव्याला बोलावलं.

आता सरांच्या पुस्तकाचं सांगतो. मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "सर, शुद्धिपत्रक छापून चिकटवू." सर म्हणाले, "चिकटवलेलं निघून जातं रे. तू हातानं लिही." तीनशे प्रती छापल्या होत्या, दोनशे साठ शिल्लक होत्या. तीन संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या माजघरात बसलो. सरांचे हात थरथरतात, म्हणून ते पान काढून देत आणि मी शाईच्या पेनानं लिही : 'असा एकही क्षण गेला नाही.' आणि पुढे पूर्णविराम. मोबाइल मी बाहेर चपलांपाशी पिशवीत ठेवला होता. पहिल्या संध्याकाळी दर पाच मिनिटांनी माझा डावा हात आपोआप खिशाकडे जाई. सरांच्या ते लक्षात आलं असावं, पण ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते त्या शेवटच्या रात्रीबद्दल बोलायला लागले. पुस्तकात नसलेलंही बरंच काही बोलले. मी ऐकत होतो आणि लिहीत होतो. दोनशे साठ वेळा तेच एक वाक्य लिहिताना एकदाही कंटाळा आला नाही.

चाळीस प्रती लोकांच्या घरी गेल्या आहेत. काही परत मागवल्या, बऱ्याचशा मिळाल्या नाहीत. त्या घरांमध्ये सर त्या रात्री पत्नीजवळ नव्हते, असंच छापलेलं आहे. ते आता माझ्या हातात नाही.

मोबाइल मी टाकून दिलेला नाही. मुलगी परगावी असते, कामंही त्यावरच येतात. पण मुद्रितं समोर असली की तो दुसऱ्या खोलीत असतो, आणि रात्री नमाज झाली की मी त्याला हात लावत नाही. टेबलासमोरच्या भिंतीवर एक कागद डकवला आहे. मोडी शिकत असताना माझ्याच हातानं गिरवलेला तो एक शब्द आहे, 'लेखनसीमा'. तेवढं बोलून मीही इथे थांबतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)